गोरा पूर्वज शोधताना आडनावावर विसंबू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडीचे दिवस आले की पुणे कॅम्प, खडकी, देवळाली, इगतपुरी, भुसावळ इथल्या चर्चमध्ये आणि दफनभूमीत परगावची माणसे जुन्या वह्या आणि थडगी पाहायला येऊ लागतात. कुणी ऑस्ट्रेलियाचे, कुणी इंग्लंडचे, कुणी इथलेच, दोन स्टेशने पलीकडचे. हातात एक आडनाव असते, एक पुसट फोटो असतो आणि घरात चालत आलेले एक वाक्य असते : आमचा मूळ पुरुष कंपनी सरकारच्या फौजेत कॅप्टन होता. डीएनए चाचण्या स्वस्त झाल्यापासून वसई, ठाणे, गोवा इथल्या ख्रिस्ती कुटुंबांतूनही अशी चौकशी वाढली आहे. हा शोध चांगलाच आहे. पण तो बहुतेक ठिकाणी उलट्या टोकाने सुरू होतो आणि एकदा चुकीचा पूर्वज चिकटला की पुढच्या दहा वंशवृक्षांत त्याची नक्कल होते. म्हणून हे सविस्तर पत्र.

शोध आपल्यापासून सुरू करायचा आणि एकेक पिढी मागे जायचे. कंपनीच्या नोकरांच्या यादीत आपल्या आडनावाचा कॅप्टन सापडला, तिथून आपल्यापर्यंत रेघ ओढली, हा सर्वात जास्त दिसणारा घोटाळा. प्रत्येक पिढीसाठी जन्म किंवा बाप्तिस्मा, विवाह आणि दफन अशा तिन्ही नोंदी गोळा कराव्यात. बाप आणि मुलगा यांना जोडणारा निदान दोन वेगवेगळ्या कागदांचा पुरावा असल्याशिवाय मागे सरकू नये. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडे वहीत गाव आणि कूळ सांगितले की पिढ्या सापडतात, तशी सोय इथे नाही. इथे नोंदी घराण्यानुसार नसून चर्च, पलटण आणि वर्ष यांनुसार आहेत.

मुख्य साधन कोणते ते आधी सांगतो. मुंबई इलाख्यातले सरकारी चॅप्लेन (म्हणजे कंपनीने नेमलेले पाद्री) आपल्या वहीतल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींच्या नकला मुंबईला पाठवत आणि तिथून त्या लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात आहेत. बंगालच्या मालिकेला एन/१, मद्रासच्या मालिकेला एन/२ आणि मुंबईच्या मालिकेला एन/३ असे क्रमांक आहेत. मुंबईच्या नोंदी १७०९ पासून सुरू होतात. म्हणजे १७१८ च्या नाताळात सेंट थॉमस चर्च उघडले, त्याच्याही आधीपासून. मूळ पानांची छायाचित्रे फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर वर्गणी भरून पाहता येतात. फॅमिलीसर्चवर त्यांतल्या बऱ्याच नोंदींची सूची मोफत आहे. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी या संस्थेची शोधसूचीही मोफत आहे. या संस्थेच्या स्वयंसेवकांनी थडगी, वर्तमानपत्रे, प्रवाशांच्या याद्या असे पुष्कळ साहित्य उतरवून काढले आहे. सुरुवात मोफत सूचींपासून करावी आणि वर्ष नक्की झाल्यावरच महिनाभराची वर्गणी भरावी.

सूचीत नाव सापडले की काम संपले असे समजणारे फार. सूचीत नाव, वर्ष आणि फार तर आईबापांची नावे असतात. मूळ पानावर बापाचा हुद्दा, पलटण, राहण्याचे ठिकाण आणि विधी करणाऱ्याची सही असते. दफनाच्या नोंदीत वय आणि पुष्कळदा मृत्यूचे कारणही असते. हे पान पाहिल्याशिवाय एकाच नावाची दोन माणसे वेगळी करता येत नाहीत. पाहिल्यावर मालिका, खंड आणि पान हे तिन्ही आकडे टिपून ठेवावेत, म्हणजे दुसऱ्याला तपासता येते. जुन्या हस्ताक्षरात शब्दाच्या मधला 'एस' हा 'एफ' सारखा दिसतो. नावे आखडून लिहिलेली असतात. 'जेएनओ' म्हणजे जॉन, जोनाथन नव्हे. 'जेएएस' म्हणजे जेम्स.

नोंद सापडत नसेल तर ती नाहीच असे मानण्याआधी तीन गोष्टी करून पाहाव्यात. पहिली, वर्षांचा पल्ला वाढवावा. आडवळणाच्या ठाण्यावर चॅप्लेन नसे. तो दौऱ्यावर आला की तीन-चार भावंडांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी उरकत, त्यामुळे मूल पाच-सहा वर्षांचेही असे. जन्मवर्षापासून पुढची दहा वर्षे पाहावीत. दुसरी, गावाचे स्पेलिंग बदलून पाहावे. ठाणे हे 'टॅना', खडकी हे 'किर्की', सोलापूर हे 'शोलापूर', नगर हे 'अहमदनुग्गर' म्हणून येते. 'बसीन' म्हणजे आपली वसई, तसेच ब्रह्मदेशातलेही एक गाव. त्यामुळे इलाखा पाहिल्याशिवाय ठरवू नये. तिसरी, इलाखाच बदलून पाहावा. कराची आणि एडन मुंबईच्या नोंदींत सापडतात, पण आजच्या महाराष्ट्रातली सगळी गावे त्यांत नाहीत. कामठीला मद्रासची फौज असे, म्हणून विदर्भातले पूर्वज मद्रासच्या मालिकेत शोधावे लागतात आणि तिथे न मिळाल्यास बंगालच्या. जालन्याच्या छावणीसाठीही मद्रास पाहावे.

कॅथलिकांचे मात्र वेगळे. त्यांच्या नोंदींच्या नकला लंडनला फार उशिरा जाऊ लागल्या आणि त्याही अपुऱ्या. कंपनीच्या गोऱ्या शिपायांत आयरिश कॅथलिक भरपूर होते, त्यामुळे त्यांच्या मुलांचा बाप्तिस्मा एन/३ मध्ये पुष्कळदा नसतो. तो इथल्या चर्चच्या मूळ वहीतच असतो. अशा वहीची दुसरी प्रत पुष्कळदा कुठेच नसते, हे त्या चर्चच्या समितीलाही अनेकदा माहीत नसते.

बाप्तिस्म्याची नोंद मिळाली की लगेच त्याच नावाचे दफन पुढच्या पाच वर्षांत शोधावे. छावण्यांत कॉलरा, ताप आणि हगवण यांनी मुले फार जात आणि पुढच्या मुलाला तेच नाव देण्याची रीत होती. हे न तपासल्याने मेलेल्या बाळापासून सहा पिढ्या वाढवलेले वंशवृक्ष इंटरनेटवर आहेत. विवाहाच्या नोंदीत वधूपुढे 'विधवा' असेल तर तिचे तिथले आडनाव हे आधीच्या नवऱ्याचे. शिपाई वारला की बायकोचा पगारातला आधार थोड्याच दिवसांत तुटे, म्हणून काही आठवड्यांतच दुसरे लग्न झालेले दिसते. तिच्या माहेरासाठी आधीचा विवाह शोधावा लागतो, क्वचित त्याच्याही आधीचा. १८५० पूर्वीच्या विवाहनोंदीत सहसा वडिलांचे नाव नसते. त्या काळात साक्षीदारांची नावे हाच धागा. बहीण, मेहुणा, त्याच कंपनीतला सार्जंट तिथे सही करतो.

आणखी एक गफलत तारखांची. १७५२ पूर्वी इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला बदलत असे. लग्न एप्रिल १७३० मध्ये आणि मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७३० मध्ये अशी नोंद दिसली तर मूल लग्नाआधीचे नाही. लग्नानंतर दहा महिन्यांनी, आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १७३१ मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला आहे. पोर्तुगीजांनी कालगणना १५८२ मध्येच सुधारली होती, म्हणून त्यांच्या वह्यांत हा घोळ नाही.

आता फौजेकडे वळू, कारण इकडे आलेल्या युरोपीय पुरुषांत शिपाईच सर्वाधिक होते. फौजा दोन होत्या. एक कंपनीची, एक राजाची. 'बॉम्बे युरोपियन रेजिमेंट' किंवा 'बॉम्बे आर्टिलरी' असे लिहिले असेल तर माणूस कंपनीचा आणि त्याचे कागद ब्रिटिश लायब्ररीत. नुसता आकडा आणि 'फूट' (पायदळ) किंवा 'ड्रगून्स' (घोडदळ) असे असेल तर तो बहुधा राजाचा आणि त्याचे कागद लंडनच्याच क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये. १८६१-६२ मध्ये कंपनीच्या गोऱ्या पलटणी राजाच्या फौजेत घेतल्या गेल्या, उदाहरणार्थ पहिली बॉम्बे फ्युजिलिअर्स ही १०३ वी झाली. म्हणून १८५५ ला भरती झालेल्या माणसाचा माग दोन्हीकडे काढावा लागतो.

कंपनीच्या शिपायाचा वार्षिक हजेरीपट आणि भरतीचे रजिस्टर (एल/एमआयएल मालिका) हे खरे घबाड. त्यांत गाव किंवा परगणा, आधीचा धंदा, भरतीच्या वेळचे वय आणि ज्या जहाजातून आला त्याचे नाव मिळते. विणकर, चांभार, मजूर हे धंदे वारंवार दिसतात. घरच्या गोष्टीतला कॅप्टन इथे पुष्कळदा सार्जंट किंवा साधा गोलंदाज निघतो. त्यात कमीपणा काहीच नाही, आणि साध्या शिपायाबद्दल या याद्यांत बरेच काही कळते.

राजाच्या फौजेतल्या माणसासाठी लोक थेट क्यूमधली डब्ल्यूओ (युद्धखाते) ९७ ही मालिका पाहतात आणि निराश होतात. १८८३ पूर्वीचे तिथले कागद निवृत्तिवेतन घेऊन सुटलेल्या शिपायांचे आहेत. नोकरीत असतानाच इथे वारलेला माणूस त्यात नसतो, आणि इथे वारलेलेच जास्त. त्याच्यासाठी डब्ल्यूओ १२ मधले पलटणीचे हजेरीपट पाहावेत. तिमाहीच्या शेवटी मेलेल्या आणि सुटलेल्या माणसांची यादी असते आणि तिच्यात जन्मगाव व धंदा सापडण्याची शक्यता असते.

जन्मगाव मिळाले की शोध समुद्रापलीकडे जातो. इंग्लंडात जन्ममृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून, त्याआधी पॅरिशच्या, म्हणजे त्या त्या चर्चच्या हद्दीच्या, वह्या. स्कॉटलंडमध्ये सरकारी नोंदणी १८५५ पासून. आयर्लंडचे दुखणे मोठे आहे : १९२२ साली डब्लिनचे दप्तरखाने जळाले, त्यात प्रॉटेस्टंट चर्चच्या असंख्य वह्या आणि १८२१ ते १८५१ च्या खानेसुमाऱ्या जवळजवळ सगळ्या गेल्या. कॅथलिक वह्या तिथे ठेवलेल्या नव्हत्या म्हणून वाचल्या. त्या नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडने सुमारे १८८० पर्यंत मोफत खुल्या केल्या आहेत. पॅरिश माहीत नसेल तर मात्र या वह्यांचा उपयोग होत नाही, म्हणूनच भरतीच्या रजिस्टरातले गाव इतके मोलाचे.

फौजेबाहेरच्या युरोपीयाला १८३३ च्या कायद्यापर्यंत इथे राहायला कंपनीचा परवाना लागे. त्यामुळे अशा रहिवाशांच्या याद्या ठेवलेल्या आहेत. नाव, धंदा, कधीपासून राहतो. रेल्वेचे पूर्वज नंतरचे. १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, १८६३ ला बोरघाट आणि १८६५ ला थळघाट खुला झाला. लोणावळा, इगतपुरी, भुसावळच्या वसाहती त्यानंतर वाढल्या. करारावर आणलेल्या ड्रायव्हर आणि फिटर लोकांचे कागद एल/एजी/४६ या रेल्वे कंपन्यांच्या दप्तरात पाहावेत. अनाथ किंवा पोरक्या मुलांसाठी १८१५ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या भायखळ्याच्या शाळा महत्त्वाच्या. बाप दफनाच्या नोंदीत आणि मुले या शाळेत, अशी जोडी वारंवार लागते.

आता आडनावाविषयी. वसई, साष्टी, मुंबई, चौल या पट्ट्यात आणि गोव्यात परेरा, डिसोझा, फर्नांडिस, रॉड्रिग्ज या आडनावांवरून पोर्तुगीज पूर्वज सिद्ध होत नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीचे किंवा धर्मपित्याचे आडनाव मिळे. एका दिवशी बाप्तिस्मा घेतलेल्या अख्ख्या पाड्याचे आडनाव एक असू शकते. भाषेवरूनही काही ठरत नाही. कोर्लईचे लोक पोर्तुगीज मुळाची बोली आजही बोलतात, म्हणून ते सगळे लिस्बनहून आलेले नाहीत.

त्याहून मोठा गोंधळ 'ईस्ट इंडियन' या शब्दाचा. कलकत्ता आणि मद्रासच्या एकोणिसाव्या शतकातल्या कागदात तो युरोपीय बाप आणि भारतीय आई यांच्या संततीसाठी येतो. मुंबईत मात्र उत्तर कोकणच्या मूळ ख्रिस्ती समाजाने १८८७ मध्ये, राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, हे नाव स्वतःसाठी घेतले. परदेशातले नातलग मुंबईचा 'ईस्ट इंडियन' हा उल्लेख वाचतात आणि वंशवृक्षात एक काल्पनिक इंग्रज घालतात. 'अँग्लो-इंडियन' शब्दही असाच फिरला. १९११ च्या खानेसुमारीपर्यंत तो इथे राहणाऱ्या निव्वळ इंग्रजांसाठीच जास्त वापरात होता.

मराठ्यांच्या पदरी असलेल्या युरोपीयांशी नाते सांगणाऱ्यांनी तर आडनाव बाजूलाच ठेवावे. महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेचा सेनापती डी बॉइन हा १७५१ साली सव्हॉयमधल्या शांबेरीत जन्मला तेव्हा त्याचे आडनाव लबोर्न्य होते. त्याच्यामागून आलेल्या पेरॉनचे जन्माचे आडनाव कुइलिए. ही माणसे कंपनीची नोकर नव्हती आणि बहुतेक कॅथलिक, म्हणून त्यांची मुले चॅप्लेनच्या वह्यांत सापडत नाहीत. आग्र्याची कॅथलिक दफनभूमी आणि तिथल्या मिशनच्या वह्या पाहाव्या लागतात. हेसिंग या डच सरदाराची लाल दगडातली कबर तिथेच आहे. १८०३ च्या युद्धात इंग्रजांनी जाहीरनामा काढून शिंद्यांकडच्या ब्रिटिश माणसांना निवृत्तिवेतनाचे आमिष दाखवले. ज्यांनी ते घेतले त्यांची नावे मात्र कंपनीच्या हिशेबात आली.

डच आणि फ्रेंच पूर्वजांबद्दल थोडक्यात. डच कंपनीच्या अठराव्या शतकातल्या नोकरांची यादी नेदरलँड्सच्या राष्ट्रीय दप्तरखान्याने मोफत खुली केली आहे; गाव, जहाज आणि नोकरी कुठे संपली हे त्यात मिळते. वेंगुर्ल्याची वखार सतराव्या शतकातली, तिच्यासाठी ही यादी कामाची नाही. पुदुच्चेरी आणि माहेच्या फ्रेंच नोंदी एक्स-आँ-प्रोवाँसच्या दप्तरखान्याने ऑनलाइन ठेवल्या आहेत. गोव्यासाठी पणजीचे पुराभिलेख खाते आणि गावचे चर्च दोन्ही गाठावे. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आजी-आजोबांची नावेही असली तर एका पानात तीन पिढ्या मिळतात.

आता ज्यासाठी लेखणी उचलली ते. या वंशवृक्षांत बाप असतो, आई नसते. राज्यघटनेच्या कलम ३६६(२) मधली अँग्लो-इंडियनची व्याख्याही पुरुषाच्या वंशरेषेवरच आहे. पूर्वज युरोपातून आला, पण त्याची मुले ज्या बाईने वाढवली ती इथली होती. मराठी, कोकणी, दखनी बोलणारी. चॅप्लेनच्या वहीत 'अमुक सार्जंटचा नैसर्गिक (म्हणजे लग्नाबाहेरचा) पुत्र, आई एतद्देशीय स्त्री' एवढेच लिहिलेले असते. १७९१ मध्ये कंपनीने अशा मुलांना वरच्या नोकऱ्या बंद केल्या, त्यानंतर तर आईचा उल्लेख टाळण्यातच कुटुंबाचा फायदा होता.

तिचे नाव सापडण्याची खरी जागा म्हणजे मृत्युपत्र. मुंबईत १७२८ पासून मेयर कोर्ट, १७९८ पासून रेकॉर्डर कोर्ट, मग सुप्रीम कोर्ट आणि १८६२ पासून हायकोर्ट अशी ही कामे चालली. नकला लंडनला एल/एजी/३४ या मालिकेत आहेत. मरणाऱ्याला पैसे कुणाला द्यायचे हे लिहावेच लागे, म्हणून वहीत निनावी असलेली बाई इथे नावाने येते. तिला महिना किती रुपये, राहते घर कुणाकडे, दागिने कुणाचे. मृत्युपत्र नसेल तर मालमत्तेची यादी आणि लिलावाचा हिशेब पाहावा. लिलावात वस्तू विकत घेणाऱ्यांत ती असू शकते. नाव इंग्रज कारकुनाने कानाने लिहिलेले असते. ते मोठ्याने वाचावे आणि मराठी किंवा दखनी कानाने ऐकावे. हे काम लंडनच्या अभ्यासकापेक्षा इथला माणूस अधिक चांगले करू शकतो. आम्हाला वाटते, मराठी वाचकांनी या कामात उतरायला हवे ते यासाठीच.

डीएनए चाचणीचा उपयोग नेमका इथेच होतो आणि इथेच दुरुपयोगही. पिढीमागे वाटा निम्मा होतो. सहा पिढ्यांमागचा एक पूर्वज म्हणजे सरासरी दीड टक्का, आठ पिढ्यांमागचा अर्ध्या टक्क्याहूनही कमी. तो अहवालात दिसेलच असे नाही. 'इतके टक्के युरोप' या आकड्यावर काही ठरवू नये. ज्यांचे कागद पक्के आहेत अशा दूरच्या भावंडांशी जुळणारे डीएनएचे तुकडे पाहावेत. आईच्या आईची सरळ रेषा तपासणारी चाचणी मात्र मूळ स्त्री भारतीय होती का हे सांगू शकते. ती कोण होती हे कागदच सांगेल.

शेवटी चर्चच्या आणि दफनभूमींच्या समित्यांना विनंती. दख्खनच्या जुन्या थडग्यांवर संगमरवरी पाटीत शिशाची अक्षरे बसवलेली असत. शिसे चोरीला गेले तरी त्याखालची खिळ्यांची भोके राहतात आणि त्यांवरून अक्षर वाचता येते. म्हणून 'कोरी' दिसणारी पाटी काढून टाकू नये. खडू, तारेचा ब्रश, आम्ल काही लावू नये. सकाळी नऊच्या आत किंवा ऊन कलल्यावर तिरप्या उजेडात, गरज पडल्यास आरशाने उजेड पाडून, साधे पाणी शिंपडून फोटो घ्यावा. एक पूर्ण थडग्याचा, एक मजकुराचा, एक शेजारच्या थडग्यांसह. वह्यांची पाने झेरॉक्सच्या काचेवर दाबू नयेत, शिवण तुटते. वही उशीवर अर्धीच उघडून, वरून, फ्लॅशशिवाय पानागणिक फोटो काढावेत. कोरी पाने आणि पुठ्ठेही सोडू नयेत, कारण उशिरा कळलेल्या नोंदी तिथेच लिहिलेल्या असतात. दोनशे पानांची वही दोघांना एका दिवसात होते. प्रत एक चर्चमध्ये, एक धर्मप्रांताच्या कार्यालयात आणि एक मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात द्यावी. कॅथलिक चर्चच्या वह्यांपासून सुरुवात करावी आणि ती या पावसाळ्याआधी व्हावी.

आपले,
कौटुंबिक नोंदींचे काही अभ्यासक, पुणे